कॅरम बोर्डाच्या पाठीवरची यादी

आमच्या बिल्डिंगचा कॅरम बोर्ड जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, पाठ बाहेर करून. त्या पाठीवर पेन्सिलने पाच नावं लिहिलेली होती : जगातले आजवरचे सर्वांत थोर फुटबॉलपटू, क्रमवार. माटुंग्याच्या भाऊ दाजी रोडवर तमिळ मामा, मल्याळी बिऱ्हाड, कच्छी दुकानदार आणि आम्ही चार मराठी घरं मिळून भांडायचो ते या यादीवरून. क्रिकेटवरून भांडायला शेजारी लागत नसत, ते घरातच उरकायचं.

यादीचा मुहूर्त 22 जून 1986 चा, रविवार. अर्जेंटिना–इंग्लंड सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. बाहेर पाऊस, दूरदर्शनवर मुंग्या, आणि अँटेना धरायला एक जण छत्री घेऊन गच्चीवर. तो मी. त्यामुळे साडेबारानंतर मॅराडोनाने हाताने मारलेला गोल आणि चारच मिनिटांत अर्धी इंग्लिश टीम मागे टाकून केलेला दुसरा, हे दोन्ही मी पाहिले नाहीत. जिन्यातून वर आलेला आरडाओरडा तेवढा ऐकला. दुसऱ्या वेळचा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नावं चढली : पेले, मॅराडोना, क्रायफ, बेकेनबाउअर. पेले पहिला, कारण मामांचा हट्ट. 1977 साली ते नोकरीनिमित्त कोलकात्यात होते आणि ईडन गार्डन्सवर कॉसमॉस विरुद्ध मोहन बागान सामना त्यांनी पाहिला होता. मैदानात चिखल, सामना 2–2, आणि पेलेचा एकही गोल नाही. म्हणजे आमच्यातल्या एकमेव साक्षीदाराने पेलेला गोल न करताना पाहिलं होतं. तरी पहिला तोच.

पाचव्या जागेवर वाद पेटला. प्लाटिनी, झिको, गारिंचा. तेवढ्यात वर्कशॉपवाले काका आले. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात ते फिटर होते, कानावर कायम पेन्सिल. ती काढून त्यांनी पाचव्या ओळीत लिहिलं, ‘नेवील डिसूझा’. आम्ही खो खो हसलो. काका म्हणाले, “हसा. तुमच्यातल्या कुणी मॅराडोनाला डोळ्यांनी पाहिलाय? मी नेव्हिलला पाहिलाय.”

नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईत, कॅल्टेक्सकडून. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4–2 हरवलं, त्यात तीन गोल त्याचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यानेच केला. तो सामना आपण 4–1 हरलो आणि शेवटी चौथे आलो. स्पर्धेत चार गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो बरोबरीने पहिला राहिला.

काका लोकलने व्ही. टी. गाठायचे आणि तिथून चालत कूपरेजला जायचे. 1891 पासूनचा रोव्हर्स कप तिथे रंगायचा आणि त्या काळी हैदराबाद पोलीस, मोहन बागान असे मातब्बर संघ यायचे. 1958 साली कॅल्टेक्सने तो जिंकला. नेव्हिलचं वर्णन करताना काका फारसं बोलत नसत. उठून उभे राहत, डावा खांदा किंचित पाडत आणि विचारत, “कळलं?” आम्हाला काही कळायचं नाही.

पुढे घरात जसजशी साधनं आली तसतशी यादी हलत गेली. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी विलायती मासिकं मिळायची. त्यातून डी स्टेफानो आम्हाला कळला आणि दोन वर्षं क्रायफच्या वर जाऊन बसला, विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना न खेळता. 2000 साली फिफाने शतकातला सर्वोत्तम खेळाडू निवडायला घेतला. इंटरनेटवरच्या मतदानात मॅराडोना आला, जाणकारांच्या समितीने पेलेला निवडलं, आणि फिफाने दोघांनाही सन्मान देऊन टाकला. आमच्या जिन्यात एवढा मिळमिळीतपणा चालला नसता.

केबलनंतरच्या पोरांनी आकडे आणले. मेस्सीचे बॅलन डी’ऑर किती, रोनाल्डोचे किती. मामा एकच सांगायचे : हा पुरस्कार 1995 पर्यंत फक्त युरोपियन खेळाडूंसाठी होता, पेले-मॅराडोनाला तो मिळणार कुठून? उलट पोरं पेलेच्या हजारावर गोलांतले मैत्रीपूर्ण सामन्यांतले वजा करायला बसायची. मला दोन्ही बाजू पटायच्या, म्हणून माझ्या हातात कुणी पेन्सिल देत नसे.

18 डिसेंबर 2022 ला अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं आणि मेस्सी पहिल्या ओळीत गेला. अकरा दिवसांनी पेले गेला. मामा तेव्हा नव्हते, नाहीतर मेस्सीला पुन्हा खाली उतरवलं असतं. 2025 च्या डिसेंबरात मेस्सी स्वतः वानखेडेवर येऊन हात हलवून गेला. तिथून कूपरेज जवळच.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बोर्ड माझ्याकडे आला. वरच्या चार ओळींत खोडरबराने प्लायवूडला लव सुटली आहे. पाचवी ओळ काकांच्या अक्षरात, त्या ‘नेवील’सकट, जशीच्या तशी. ती खोडायची हिंमत कुणी केली नाही की कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही, सांगता येत नाही.

परवा भाच्याने विचारलं, हा कोण? सांगितलं. कुठल्या क्लबचा? कॅल्टेक्स. “म्हणजे पेट्रोल पंप?” हो, तीच कंपनी. त्याने मोबाइल काढला. “मामा, व्हिडिओ आहे का?”

मी उठून उभा राहिलो आणि डावा खांदा किंचित पाडला.