पुंगळीवरचा सन

पुणे-सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन मागे टाकून यवतकडे निघाले की दौंड तालुक्यातले कासुर्डी लागते. बाहेरगावच्यांना हे नाव बहुधा टोलनाक्यामुळे ठाऊक. पण जुने धातू शोधणाऱ्याने नकाशावर बोट ठेवावे, अशी ही जागा आहे. सोलापूरकडे जाणारा रस्ता गावाजवळून जातो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची १८५८ सालची वाट याच टापूतली. भीमा ओलांडून उत्तरेला गेले की घोडनदीकाठी शिरूर, म्हणजे कंपनी सरकारची जुनी छावणी. शिवाय दर आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतच्या पिठलं-भाकरीकडे याच रस्त्याने येते. माणसे चालतात तिथे पैसे सांडतात, फौजा चालतात तिथे बटणे आणि गोळ्या, आणि रूळ पडतात तिथे खिळे.

मेटल डिटेक्टरची तबकडी म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारा प्रवाह सोडला की खालच्या धातूत छोटे भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचा उलटा परिणाम यंत्र टिपते. तांबे-चांदी आणि लोखंड यांचा प्रतिसाद वेगवेगळ्या ढंगाने, थोड्या मागेपुढे पोचतो, म्हणून यंत्र निवड करू शकते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ साली अमेरिकेचे गोळी लागलेले अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी अशाच यंत्राने शोधू पाहिली, पण पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला. दख्खनच्या रानात जमीनच त्या पलंगासारखी वागते. इथला खडक बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण. काही मशिनी अशा मातीवर कुठेही धरा, कुरकुरत राहतात. मापे नीट लावली तरी रुपयाएवढे नाणे वीतभर खोलीवर सापडले म्हणजे पुष्कळ.

यंत्र ‘आहे’ एवढेच सांगते. कधीचे, ते सांगत नाही. नवख्याला वाटते, जितके खोल तितके जुने. काळ्या रानात हा हिशेब फसतो. उन्हाळ्यात ही माती फाकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची वस्तू खाली घसरते आणि पावसात माती फुगून भेग मिटते. त्यात ट्रॅक्टरचा नांगर, उसाच्या सऱ्या, आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे तलावातला गाळ. दुष्काळात तळे उपसून तो गाळ रानात पसरतात. त्यातून आलेला पैसा या रानाचा नव्हे, त्या तळ्याचा असतो. म्हणून वयाचा पुरावा खोलीत नसतो. तो वस्तूच्या अंगावर असतो, आणि ती कोणासोबत पडली होती त्यात.

अंगावरचा पुरावा बघायचा तर आधी नाणे घ्यावे. मराठी मुलखातल्या तांब्याच्या शिवरायांवर सन नसतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपती’, आणि पेशवाईच्या उत्तरार्धातल्या कित्येकींवर दोन आडव्या दांड्या. ही दुदांडी शिवराई कंपनीचे राज्य आल्यावरही बाजारात फिरत होती. म्हणजे ती सापडली म्हणून थर पेशवाईतला ठरत नाही. त्याउलट १८३५च्या नाणे कायद्यानंतरचा पाव आणा: वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला कंपनीचे चिन्ह आणि खाली सरळ सन. १९०६पासून हे छोटे नाणे तांब्याऐवजी काशाचे झाले आणि हलकेही. सन पुसला असला तरी वजनकाट्यावर कळते. भोकाचा पैसा १९४३ किंवा त्यानंतरचा, त्यात तर वादच नाही.

सनावरही आंधळा विश्वास नको. राणीछाप रुपयांत १८६२ सालचे इतके का सापडतात? कारण पुढे १८७४पर्यंत रुपयावर १८६२ हाच सन छापत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष ओळखायला बारीक ठिपक्यांची खूण ठेवली. भिंग लावून ठिपके मोजणारे नाणकशास्त्रातले लोक तासन् तास बसतात. आणि घरात सापडलेला रुपया मात्र आधी चिंच लावून घासला जातो. चांदी चकाकते, ठिपके जातात.

गोळ्यांचे शास्त्र वेगळे. जमिनीतले शिसे पांढरट कवचाने झाकले जाते. ते कवच नव्या छर्‍यावर दिसत नाही. कंपनीच्या शिपायांच्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची आणि तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडी जड. मराठ्यांच्या तोड्याच्या बंदुका अशा एका मापाच्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या गोळ्याही लहानमोठ्या. आदळून चपटी झालेली गोळी झाडलेली असते, गोल शाबूत राहिलेली बहुधा कुणाच्या तरी पिशवीतून गळालेली. या फरकाला रणांगणाच्या अभ्यासात मोल आहे. असे एक रणांगण जवळच, कोरेगाव भीमाला आहे.

३१ डिसेंबर १८१७च्या रात्री साडेआठच्या सुमारास कंपनीचा कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. सोबत ८३४ माणसे, त्यांत मुंबईचे पायदळ, पुण्याचे घोडेस्वार, मद्रासी तोपची आणि सहा पौंडी दोन तोफा. सकाळी दहाच्या सुमाराला कोरेगाव भीमा गाठले आणि दिवसभर गावाच्या भिंतींआड पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. या ८३४ पैकी २७५ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. सहा पौंडी गोळा सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाचा, पावणेतीन किलोचा. कागदांत आहे त्याहून वेगळे काही अशा मातीतून कळू शकते का? अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला १८७६ची लढाई झाली होती; १९८३च्या वणव्यात गवत जळाल्यावर तिथे पुढची दोन वर्षे डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी स्वयंसेवकांच्या मेटल डिटेक्टरांनी काडतुसाची एकेक पुंगळी नकाशावर टिपली. कोण कुठून कुठे सरकत गेले, ते पुंगळ्यांवरच्या बंदुकीच्या खुणांतून उलगडले. वस्तू जागा न टिपताच खिशात गेल्या असत्या तर ते जमले नसते. कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभापाशी दर १ जानेवारीला लाखो माणसे आदराने जमतात. त्या जमिनीत कुणी हौशी माणसाने काठी-खुरपे घेऊन उतरावे, असे या लेखालाही वाटत नाही.

१८६० नंतरच्या काडतुसांनी काम सोपे केले. पितळी पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण असते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, तिथल्या .३०३ पुंगळीवर के आणि एफ, मध्ये बाण, आणि सनाचे शेवटचे दोन आकडे. शेतात अशी पुंगळी मिळाली तर कुणी शिकारी, कुणी पेन्शनर फौजी किंवा फायरिंगचा सराव, काहीही असू शकते. पण बुडावर ४३ असेल तर १९४३पूर्वी ती तिथे पडलेली नाही, एवढे पक्के. बटणांवर मुकुट बघतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट आणि १९०१नंतरचा यांची घडण वेगळी. इंग्रज शिपायांची जुनी बटणे शिसेमिश्रित कथलाची, पितळेची १८५५नंतर.

रेल्वेचे लोखंडही असेच बोलते. रुळाच्या पोटावर उंच अक्षरांत कारखाना, वजन आणि वर्ष. मात्र ते उचलू नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम १९६६चा आहे, आणि पोलीस त्यात जुन्या-नव्याचा फरक करत नाहीत.

कायद्याचे आणखी एक टोक आहे. भारतात अजून १८७८चा निखात निधी कायदा लागू आहे. मातीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. दहा रुपयांत आता धड चहा मिळत नाही, पण आकडा तोच. लपवले तर वर्षापर्यंत कैद. प्रसिद्ध केलेल्या मुदतीत मूळ मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी आधी करार नसेल तर वाटणी अशी: सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. वस्तू सरकारला हवी असेल तर धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरते, ती परदेशी नेता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणणे तर गुन्हाच. इंग्लंडात १९९७पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. हौशी माणूस वस्तू आणून दाखवतो, अधिकारी नोंद करतात, वस्तू बहुधा परत देतात. आपल्याकडे सरकारी टेबलावर ठेवलेली शिवराई परत मिळेल, यावर कासुर्डीतला शेतकरी का विश्वास ठेवेल? त्याच्या कानावर गुप्तधनाच्या बातम्या आलेल्या असतात: काळी बाहुली, लिंबू, रात्रीचे खड्डे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात या प्रकाराची वेगळी दखल आहे, यावरून साथ किती खोल ते समजावे.

सरकारी खात्यांनी नीट काम केले तर काय निघते, त्याचा दाखला शेजारच्या कर्नाटकात आहे. २०१८च्या जुलैत शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर किल्ल्याच्या परिसरात एका पडीक विहिरीतून टिपू सुलतानच्या काळातले हजाराहून अधिक लोखंडी अग्निबाण निघाले. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने चिखल उपसला. त्या चिखलाला दारूचा वास येत होता.

विहीर, तळे, पडका वाडा. मराठी मुलखातही जुने धातू अशाच ठिकाणी लपतात. पण प्रत्येक जुनी जागा धुंडाळायची नसते. शिरूरमध्ये १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. गावकरी त्याला ‘सत्पुरुष’ मानून नवस करत, अशी इंग्रजी काळातली नोंद आहे. कबरीभोवती काय पुरले आहे ते बघायला कुणी यंत्र घेऊन जाऊ नये.

रानात काही मिळाले तर मोबाइलने आहे तसा फोटो, गट नंबर, विहिरीपासूनचे अंतर, गाळ टाकलेला असेल तर कुठल्या तळ्याचा, एवढे कागदावर लिहून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. चिंच नको. भंगारवालाही नको, तो तांब्याचा पैसा किलोच्या भावाने तोलतो आणि त्याच्या काट्यावर शिवराई, पाव आणा आणि मोटारीची तार एकाच पोत्यात जातात.