एबीएसचा दिवा लागला, पण दुखणं ब्रेकचं नव्हतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलण्यातले 'ॲक्च्युअली' थोडे गाळलेत, सगळे नाही.

मागच्या पावसाळ्यात गोव्याहून पुण्याला परत येत होतो. आंबोली, कोल्हापूर, सातारा, दिवसभर पाऊस आणि मागे मित्र. अंधार पडल्यावर फॉग लॅम्प लावले, मोबाइल चार्जिंगला होताच. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला आणि मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागला. पुढे काय आहे ते पुणेकरांना सांगायला नको: कात्रजचा नवा बोगदा आणि तिथून नवले पुलापर्यंतचा उतार. ट्रकचे ब्रेक निकामी होऊन तिथे किती अपघात झालेत, ते आपण बातम्यांत बघतोच.

ढाब्यासमोर गाडी घेतली. मित्राचा पहिला प्रश्न, "ब्रेक गेले का रे?"

तर इथे नीट समजून घ्या. एबीएस म्हणजे ब्रेक नव्हे, ब्रेकवर लक्ष ठेवणारी वेगळी यंत्रणा. चाकाजवळच्या दातेरी रिंगवरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक व्हायला लागलं, की एबीएस युनिट दाब क्षणभर सोडतं, परत देतं. किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो, कारण चाकं फिरल्याशिवाय युनिटला सेन्सरची खात्री करता येत नाही. चालत्या गाडीत दिवा लागून राहिला, तर युनिटने स्वतःला बंद करून घेतलंय. लिव्हर, ब्रेक ऑइल, पॅड आपलं काम करतातच. फक्त ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबलात तर चाक लॉक होणार, वाचवायला कोणी नाही.

म्हणून दिव्यापेक्षा लिव्हरवर विश्वास ठेवायचा. उभ्या गाडीत पुढचा ब्रेक दाबून धरला. कडक लागला, हळूहळू आत गेला नाही. मागचा पेडलही ठीक. मग मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून दोन्ही ब्रेक वेगवेगळे मारून पाहिले. लिव्हर स्पंजसारखा लागला असता, हँडलपर्यंत आला असता किंवा चाकाशी ऑइल ओघळलेलं दिसलं असतं, तर गाडी तिथेच ठेवून रिक्षा केली असती. यात हिशेब नाही. (डिस्क तापलीय का हे बोट लावून बघू नका. माझ्या एका मित्राच्या बोटावर अजून वळ आहे.)

तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ब्रेकिंगवर, डावीकडून उतरलो. आरशात सतत लक्ष, कारण आपले ब्रेक चालू असले तरी मागच्याचे असतीलच असं नाही.

सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटकटक. रात्री एबीएस आणि सकाळी बॅटरी! दोन वेगळे बग आहेत असं मला वाटलं. गॅरेजवाल्याने दिवा बघून लगेच सांगितलं, "एबीएस मॉड्यूल गेलं." किंमत ऐकून गाडी धक्का मारत घरी आणली आणि चारेकशे रुपयांचा मल्टिमीटर काढला.

बॅटरी रात्रभर चार्ज केली. थोडा वेळ तशीच ठेवून मोजली: 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. बंद गाडीत 12.2 दिसले असते, तर साधारण अर्धी रिकामी समजायची. मग इंजिन चालू करून 4000 आरपीएमला मोजलं. इथे 13.8 ते 14.5 हवेत. माझे आले 13.1. फॉग लॅम्प लावले, तर 12.3 आणि खाली सरकतायत! गाडी चार्जिंगवर नाही, बॅटरीतल्या शिल्लकीवर चालली होती. (उलट 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरी उकळवेल.)

एबीएस युनिटला ठराविक व्होल्टेज लागतं. त्याखाली गेलं की ते दिवा लावून बाजूला होतं. बग एकच होता.

आता चार्जिंग कुठे अडतंय? इंजिनातल्या स्टेटर कॉईलमधून बहुतेक गाड्यांत तीन सारख्या रंगाच्या वायरी येतात, माझ्या गाडीत पिवळ्या. त्या रेग्युलेटर-रेक्टिफायरला जातात. तो कपलर उघडला तर एक पिन करपून तपकिरी आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. पाणी शिरून गंज, गंजामुळे रोध, रोधामुळे उष्णता. तीनपैकी एक फेज जवळजवळ बंद. दिवसा गाडी कशीबशी भागवत होती. रात्री दोन फॉग लॅम्प मी वरून लादले. हेडलाइट तर बंद करायची सोयच नाही, 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा तो इंजिनबरोबर लागलेलाच असतो.

कॉईल ठीक आहे का हे बघायला कपलर काढून, इंजिन चालू ठेवून दोन-दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजलं. तिन्ही जोड्या सारख्या आल्या आणि आरपीएमबरोबर वाढल्या. एखादी जोडी मागे पडली असती, तर कॉईल गेली. इथे रेसवर 50 व्होल्टच्या पुढे सहज जातं, उघड्या पिनांना हात लावू नका. जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

नवा कपलर बसवला. बॅटरीचे टर्मिनल घासून आवळले (काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी). मग 14.2 व्होल्ट, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाताना एबीएसचा दिवा विझला.

व्होल्टेज चांगलं असूनही दिवा राहिला, तर सेन्सर आणि दातेरी रिंगवरचा चिखल मऊ ब्रशने काढा, सेन्सरची वायर कुठे ताणली-घासलीय का बघा. त्यानंतर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. मॉड्यूलचा नंबर सगळ्यात शेवटी. आणि मेन स्टँडवर गिअर टाकून मागचं चाक फिरवत असाल, तर दिवा लागेलच. पुढचं चाक थांबलेलं बघून युनिट गोंधळतं. किल्ली बंद करून थोडं चालवलं, की बहुधा जातो.

फॉग लॅम्प मी काढले नाहीत. रिले लावून वेगळ्या फ्यूजवर घेतलेत आणि हँडलवर छोटा व्होल्टमीटर बसवलाय. मित्राला अजून वाटतं ते घड्याळ आहे.