धरणाकडे पाठ करून

शनिवार-रविवारी पवनानगरला येणारे बहुतेक कॅमेरे धरणाच्या पाण्याकडे रोखलेले असतात. भोवती तुंग, तिकोना, लोहगड आणि मध्ये पसरलेलं पाणी. इथे फोटो वाईट येणंच कठीण. पण भातखाचरांच्या कडेला जी घरं आहेत, त्यांच्या भिंतीला टेकलेलं सूप, पडवीतली कळशी, खुंटीचा विळा यांचे फोटो सहसा कुणी काढत नाही. ते निघायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

फोटोग्राफीची सुरुवातही अशाच वस्तूंपासून झाली आहे. १८४४ साली, ही कला नुकती कुठे जन्मली असताना, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी इंग्लंडमधल्या लॅकॉक इथल्या आपल्या घरी एक फोटो घेतला. उघडं दार, त्याला टेकवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील, बस्स. रोजच्या जगण्यातली दृश्यं रंगवणाऱ्या डच चित्रकारांचा दाखला त्यांनी या फोटोसाठी दिला होता. पुढे १९३० साली अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. नरसाळ्याच्या आतून परतणारा उजेड मिरचीच्या प्रत्येक वळणावर पोचला आणि भाजीत माणसाच्या पाठीचा, खांद्यांचा भास होऊ लागला.

किमया आहे ती उजेडाची, आणि तो कुठून येतो याची. भरदुपारी उन्हात सूप धरलं तर ते सपाट दिसतं, कारण वीण उंच-सखल असली तरी तिला सावली पडत नाही. तेच सूप सकाळी आठच्या सुमारास दाराशी उभं करा. तिरपा प्रकाश पृष्ठभागाला घासत जातो, बांबूच्या एकेका पातीला आपली सावली मिळते आणि वीण उठून दिसते. मावळातल्या जुन्या घरांत उजेड बहुधा एका दारातूनच आत येतो. स्टुडिओत पैसे मोजून उभी करतात ती व्यवस्था इथे आयतीच आहे. फ्लॅश मात्र बंद ठेवावा, तो समोरून येऊन सगळ्या सावल्या पुसून टाकतो. पितळेचा हंडा किंवा स्टीलची ताटं टिपायची असतील तर आषाढातलं ढगाळ आभाळ बरं. उजेड सगळीकडून सारखा येतो, चकाकीचे पांढरे डाग पडत नाहीत, आणि हंड्याला आलेला पोचासुद्धा नीट दिसतो. तो पोचा टाळू नये, वापराच्या खुणांतच त्या वस्तूचा चेहरा असतो.

हे नजरेत बसवायचं असेल तर कामशेत-पवनानगर रस्त्यावरून बेडसे लेण्यांत जावं, तेही सकाळी, कारण लेणी पूर्वाभिमुख आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची ही लेणी. व्हरांड्यातल्या उंच खांबांच्या तळाशी पाहा: प्रत्येक खांब एका घटातून वर निघालेला आहे. धर्माच्या एवढ्या भव्य कामात पाणी भरायचं भांडं कारागिरांनी दगडात आणलं, आणि त्याचं पोट किती फुगवायचं हे त्यांना नेमकं कळलं होतं. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे पाहतानाही हाच अनुभव येतो.

मोबाइल पुरेसा आहे. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं, मागचा पसारा चौकटीबाहेर ठेवावा, आणि वस्तू ज्यांची आहे त्या घरच्या माणसांना आधी विचारावं.

एक धोका मात्र आहे. अशा फोटोंत फक्त इरलं, उखळ, कणगी असं जुनंच शोधण्याचा मोह होतो. इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली त्याला बरीच वर्षं झाली. लावणीच्या दिवसांत पाठीवर निळा कागद बांधून वाकलेल्या बायकांची रांग, त्या कागदावरून ओघळणारं पाणी आणि भोवती रोपांचा पोपटी रंग, हेही मावळच आहे. तो निळा रंगही तितक्याच आस्थेने टिपायला हवा.