मुक्काम पोस्ट धनकवडी

आमच्याकडे कुत्रा असतो, पण तो आमचा नसतो. धनकवडीच्या आमच्या सोसायटीत हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडलंय. तरी कुणी नवा भाडेकरू आला की जिन्यात गाठून विचारतोच, ‘‘काका, शेवटी देऊनच टाकायचं, तर आणता कशाला?’’ देऊन टाकायचं असतं म्हणूनच आणतो, हे उत्तर त्याला पटत नाही. ‘‘अहो, पण जीव लागतो ना?’’ लागतो की. न लागायला काय झालं?

या प्रकाराला ‘फॉस्टर करणं’ म्हणतात. वाचवलेलं कुत्रं कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळायचं. औषधोपचाराचा खर्च बहुधा त्याला वाचवणारी संस्था करते. जागा, जेवण आणि वेळ आपला.

रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला घर हवंच असतं असं मात्र नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली झोपणारा, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडलेला लाल्या आपल्या गल्लीत मजेत आहे. त्याला उचलून दोन खोल्यांत कोंडलं तर तो वेडा होईल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही हेच आहे : नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळता, तेच कायम ठेवलं. ज्यांना दत्तक घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावं, पण ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची, असंही त्यात होतं. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारांसाठी त्याच वर्षी नोव्हेंबरात वेगळा आदेश आला.

मग घर कुणाला लागतं? आई गाडीखाली गेलेल्या पिल्लांना. पाय किंवा डोळा गमावलेल्यांना. आणि हौस फिटल्यावर बायपासला सोडून दिलेल्या लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डांना. ही मंडळी रस्त्यावर फार दिवस टिकत नाहीत.

यांना संस्थेच्या निवाऱ्यात ठेवता येतं, जीवही वाचतो. पण पिंजऱ्यातलं कुत्रं कसं आहे हे कुणालाच सांगता येत नाही. शेजारच्या पन्नास कुत्र्यांच्या गलक्यात एक जण कोपऱ्यात गप्प बसून राहतो, दुसरा जाळीवर आदळत राहतो. दोघांचाही तो स्वभाव नसतो, तो मुक्काम तसा असतो. घरात आणलं की हळूहळू खरं काय ते दिसायला लागतं. म्हणून फॉस्टरचं खरं काम माहिती काढण्याचं, असं मी मानतो. माया आपोआप होते, तिच्यासाठी वेगळे कष्ट नाहीत.

तिळीचं उदाहरण देतो. संक्रांतीच्या सुमारास आली म्हणून हे नाव. रंगही काळ्या तिळाचा. कात्रज बायपासवर गाडीने उडवलेली, मागच्या मांडीचं हाड मोडलेलं, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवलेली. दातांवरून डॉक्टरांनी वय काढलं दीड वर्ष. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर उड्या नाहीत, जिना नाही, पळापळ नाही. मी माझा जुना पंचा तिच्या पोटाखालून घ्यायचो, दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागचा भार पंच्यावर येतो आणि पुढच्या दोन पायांवर कुत्रं चालतं.

चालायची, पण शू करायची नाही. जन्मभर मातीवर गेलेलं कुत्रं फरशीवर करत नाही. लोकांना वाटतं, काय शहाणं आहे! शहाणपण कसलं, ते धरून ठेवतं, आणि तासन्‌तास धरून ठेवतं. शेवटी हिने, म्हणजे माझ्या बायकोने, बाल्कनीतल्या दोन कुंड्या एका घमेल्यात रिकाम्या केल्या आणि ते घमेलं तिच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. प्रश्न मिटला. कुंड्यांमधल्या शेवंतीचं काय झालं ते विचारू नका.

पहिल्या काही दिवसांत काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. आंघोळ घालायची नाही. शेजाऱ्यांना बघायला बोलवायचं नाही. डोक्यावर हात फिरवायचा नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. एक कोपरा, एक जुनी चादर, पाण्याचं भांडं, बस्स. मी जरा लांब, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो. माणसाच्या आवाजाची सवय होते. शिवाय आपला अग्रलेख कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतंय, याचं समाधान वेगळंच.

आणि वाकायचं नाही. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही : माणूस जमिनीकडे वाकला की दगड येतो. स्वयंपाकघरात चमचा पडला, ही तो उचलायला वाकली, आणि तिळी तसल्या पायाने सोफ्याखाली. ही भीती समजावून जात नाही. मग मी मुद्दाम वाकायला लागलो. वाकायचं, बिस्किटाचा तुकडा उचलल्यासारखं करायचं आणि तो अलगद तिच्या दिशेने सरकवायचा. रोज थोडं. कालांतराने मी वाकलो की ती मान वर करून बघायला लागली. डॉक्टरांच्या कागदावर या प्रगतीची नोंद कुठेच नाही, पण माझ्या लेखी ती हाड सांधण्याएवढीच मोठी.

आरोग्याच्या बाबतीत तीन-चार गोष्टी ठाऊक हव्यात. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे फार. कुत्रं मलूल, जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर रक्त तपासायचं. औषध सुमारे चार आठवडे चालतं आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नसतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट बंद. पिल्लांना गाईचं दूध नको, हगवण लागते. रेबीजची लस आपण स्वतः आधीच घेऊन ठेवावी हे उत्तम. तरीही दात लागला तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग थेट दवाखाना.

पिल्लं हा वेगळा अध्याय. त्यांचा वैरी पार्व्हो हा विषाणू. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. तोवर पिल्लाला रस्त्यावर उतरवणं धोक्याचं. ज्या घरात पार्व्होचं पिल्लू राहून गेलं तिथे तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. फिनाइलला तो दाद देत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, असं पुसावं लागतं. आणि गंमत अशी की जग बघून घेण्याचं, धीट होण्याचं पिल्लाचं वयही नेमकं तेच, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचं. तेव्हा घरात कोंडलं तर पुढे रिक्षालाही घाबरतं. यावर उपाय म्हणजे कापडी पिशवी. पिल्लू खांद्यावरच्या पिशवीत घालायचं, तोंड तेवढं बाहेर, आणि भाजी आणायला निघायचं. हॉर्न, बँडबाजा, हेल्मेटवाले, बुरखेवाल्या, शाळेची पोरं, सगळं दाखवायचं. जमिनीला पाय मात्र लावू द्यायचा नाही. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी पिल्लू बघून भाजीवाली अर्धा रुपया कमी करत नाही, हेही सांगून ठेवतो.

कुत्रं सावरलं की माहिती जमवायची. एकटं राहतं का? मांजर दिसलं की काय करतं? खाताना जवळ गेलं तर गुरगुरतं का? मिक्सर, कुकरची शिट्टी, लहान मुलाचं रडणं? तिळीचा हिशेब असा निघाला : मुलांशी उत्तम, काठी घेतलेल्या माणसाला घाबरते, मांजराच्या मागे लागते, आणि एकटं ठेवलं की गळा काढते. हे सगळं दत्तकासाठीच्या जाहिरातीत लिहिलं. ‘खूप गोड, सगळ्यांशी खेळते’ असं लिहून दिलेलं कुत्रं महिन्याभरात परत येतं, आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं आणखी अवघड.

तिळीला मागणी नव्हतीच. लोकांना नर हवा असतो, बदामी रंग हवा असतो आणि पिल्लू हवं असतं. ती मादी, काळी आणि वाढलेली. नसबंदी झाली की मादीचा तो ‘त्रास’ उरत नाही, हे फोनवर किती जणांना सांगितलं! काळ्या कुत्र्याचा फोटोही येत नाही, नुसता डाग दिसतो. खिडकीशी बाजूच्या उजेडात बसवून काढला, तेव्हा डोळे दिसले.

मी एका सहकारी बँकेत कर्जखात्यात आयुष्य काढलं, आणि दत्तक घ्यायला आलेल्यांकडे मी कर्जदाराकडे बघावं तसाच बघतो. कागद महत्त्वाचे, पण हप्ता कोण भरणार ते घरी गेल्याशिवाय कळत नाही. तिळीसाठी एक जोडपं आलं होतं. दोघांना चांगल्या नोकऱ्या, मोठा फ्लॅट, बाल्कनीला जाळी. ‘‘सकाळी सहाला फिरवायला कोण नेणार?’’ असं विचारल्यावर दोघांनी एकदम शेजारी बसलेल्या आईकडे बघितलं. त्या माउलीला कुत्रं येणार हेच त्या दिवशी कळलं होतं. मी नम्रपणे नाही म्हटलं. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती मागतो. सोसायटीवाले अडवतील अशी भीती असते, त्यांना सांगतो की प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण मनपाचा परवाना काढा आणि शी स्वतः उचला. दिवाळीच्या आठवड्यात मी कुणालाच कुत्रं देत नाही. नवं घर आणि फटाके एकदम नकोत, पळून जातात.

तिळी शेवटी तळेगावला गेली, घरीच ब्लाऊज शिवणाऱ्या एका बाईंकडे. दिवसभर माणूस घरात, दहा वर्षांचा मुलगा, तळमजला. फक्त शिलाई मशीनच्या आवाजाचं काय, म्हणून भेटीच्या दिवशी त्यांना मशीन चालवायला लावलं. तिळीने कान टवकारले आणि परत टेकली. सोबत न धुतलेली चादर दिली, वासासाठी. आठवडाभराचं तेच जेवण लिहून दिलं. पहिले काही दिवस पट्टा आणि हार्नेस दोन्ही लावूनच बाहेर न्या, हे दोनदा बजावलं. या क्षेत्रात एक ठोकताळा आहे : बिचकणं कमी व्हायला तीन दिवस, घराचं वेळापत्रक कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. तोवर मी भेटायला जात नाही.

स्वतःच ठेवून घेणाऱ्यांना थट्टेने ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. आम्ही अजून पास आहोत, त्याचं कारण साधं आहे. कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं आणि मी पासष्टी ओलांडलीय. एवढ्या मुदतीचं कर्ज या वयाच्या अर्जदाराला मी स्वतःच नामंजूर केलं असतं. दोन-तीन महिन्यांचं मात्र झेपतं. माझ्यासारख्या निवृत्त लोकांकडे वेळ असतो, घरी कुणीतरी असतंच, आणि सकाळी पाचला जाग येतेच.

कुणाला करून बघायचं असेल तर पिल्लापासून सुरुवात करू नका. मोठं, शांत कुत्रं मागा, आणि आधी थोड्याच दिवसांसाठी. संस्थेला तीन गोष्टी विचारा : औषधांचे पैसे कोण देणार, रात्री-अपरात्री कुठल्या डॉक्टरकडे जायचं, आणि आपल्याला अचानक गावी जावं लागलं तर कुत्रं कोण नेणार. उत्तरं तोंडी घेऊ नका. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.