हेतू तारणाचा, मार्ग जबरदस्तीचा

चांगल्या फळासाठी वाईट कृत्य करावे, हा विचार संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच धिक्कारला आहे. इसवी सन 420 च्या सुमारास ऑगस्टीनने तर पाखंडी शोधून काढण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये, असे बजावले. तरीही गोव्यात काय झाले? पोर्तुगीज राजाच्या 1559 च्या कायद्याने आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची सोय केली. पुढे पुढे तर आई जिवंत असली तरी बाप वारलेले मूल अनाथ ठरू लागले. कारण सांगितले जाई आत्म्याच्या तारणाचे.

काळच तसा होता, ही सबब टिकत नाही. 1274 मध्ये वारलेल्या थॉमस अक्वायनसने ज्यूंच्या मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देणे न्यायाला सोडून आहे, असे लिहून ठेवले होते. गोव्यातल्या धर्मगुरूंना तो परका नव्हता. शल्यविशारदही शरीर कापतोच ना, असे कोणी म्हणेल. पण तिथे रुग्णाची संमती असते आणि ते कापणे मुळात अन्याय नव्हे. विधवेच्या कुशीतले मूल उचलताना संमती कोणाची होती? श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले ते 1965 मध्ये.