रंगीत तावदानापासून पॅनेलमधल्या फिल्मपर्यंत

१९७३च्या तेलसंकटानंतर सगळ्यांच्या नजरा सूर्याकडे वळल्या, पण सिलिकॉनचे सौर घट तेव्हा फार महाग होते. १९७६ मध्ये अमेरिकेत फोर्ड मोटर कंपनीच्या वेबर आणि लँब यांनी यावर एक तोड सुचवली. प्रकाश गोळा करण्याचे काम दीप्तिमान द्रव्य मिसळलेल्या स्वस्त तावदानाने करावे आणि महागडे घट फक्त त्याच्या कडांना लावावेत. पुढच्याच वर्षी जर्मनीत गोएट्झबर्गर आणि ग्रॉयबेल यांनी हीच कल्पना पुढे नेली.

शाळकरी मुलांच्या दप्तरातली पारदर्शक भगवी-हिरवी पट्टी पाहिली, तर तिच्या कडा बाकी भागापेक्षा जास्त झगमगताना दिसतात. तावदानातही तेच होते. त्यातले दीप्तिमान रंगद्रव्य ऊन शोषून जरा लांब तरंगलांबीचा प्रकाश सोडते आणि त्यातला सुमारे ७५ टक्के प्रकाश आतल्या आत परावर्तित होत कडेला पोहोचतो.

कागदावरचे हे गणित प्रत्यक्षात बिघडले, कारण रंगद्रव्य स्वतःच सोडलेला प्रकाश वाटेत पुन्हा गिळते. दर वेळी तो नव्याने बाहेर पडताना चौथा हिस्सा निसटतो. तावदान जितके मोठे, तितकी गळती जास्त. म्हणूनच २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये गाजलेला ७.१ टक्के कार्यक्षमतेचा विक्रम झाला तो जेमतेम ५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यावर. त्याच्या चारही कडांना गॅलियम आर्सेनाइडचे घट होते. बाजारातली साधी सिलिकॉन पॅनेल तेव्हा त्याच्या जवळपास दुप्पट कार्यक्षम होती आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचे भाव कोसळले. घट वाचवण्याचे मूळ कारणच उरले नाही.

दरम्यान दुसरी वाट रुळत होती. सिलिकॉनला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. निळ्या फोटॉनकडे त्याच्या दुपटीहून अधिक असते, पण वरची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अशा एका फोटॉनचे दोन करता आले तर? २००२ मध्ये ट्रुप्के, ग्रीन आणि वुर्फेल यांनी हिशेब मांडला, की या मार्गाने कार्यक्षमतेची सैद्धांतिक मर्यादा ३९.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २००५ मध्ये युट्रेक्टच्या संशोधकांनी टर्बियम आणि यटर्बियम या धातूंच्या जोडीने एका फोटॉनचे दोन होतात हे दाखवले. अडचण एवढीच, की टर्बियम प्रकाशाचा फारच अरुंद पट्टा शोषते. नागपूर विद्यापीठात एस. व्ही. मोहरील आणि सहकाऱ्यांनीही सिलिकॉनला मानवेल असा अवरक्त प्रकाश देणाऱ्या फॉस्फरवर, म्हणजे दीप्तिमान द्रव्यांवर, काम केले.

उलट्या दिशेचा प्रयोग, म्हणजे दोन अशक्त फोटॉन जोडून एक सशक्त करणे, लेसरखाली छान जमला. साध्या उन्हात मात्र प्रकाशाची तीव्रता अपुरी पडली.

गेल्या दशकात क्वांटम डॉट्सनी, म्हणजे अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांनी, तावदानाच्या आणि एका फोटॉनचे दोन करण्याच्या अशा दोन्ही वाटांना नवी उभारी दिली. २०१४ मध्ये मिलान आणि लॉस अलामोसच्या गटांनी स्वतःचा प्रकाश फारसा न गिळणारे डॉट्स तावदानात बसवून दाखवले. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी सेरियम आणि यटर्बियम मिसळलेल्या पेरोव्हस्काइट या स्फटिकप्रकारच्या डॉट्सचा थर देऊन एका सिलिकॉन घटाची कार्यक्षमता १८.१ वरून २१.५ टक्क्यांवर नेली.

बाजारात शिरकाव झाला तो मात्र एका साध्या कामामुळे. हेटरोजंक्शन प्रकारच्या घटांची कामगिरी अतिनील किरणांनी खालावते. पूर्वी हे किरण अडवणारी फिल्म लावत, म्हणजे तेवढी ऊर्जा फुकट जाई. आता चिनी उत्पादक घटावरच्या चिकट फिल्ममध्येच दीप्तिमान द्रव्य मिसळतात. ते अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडते, त्यामुळे घट टिकतो आणि थोडी वीजही वाढते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट सोलर या पॅनेल उत्पादकाने युबीक्यूडी या कंपनीशी क्वांटम डॉट्सच्या पुरवठ्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. महाग घटांची गरज कमी करायला निघालेले हे द्रव्य आता स्वस्त झालेल्या घटांच्याच जोडीला कारखान्यात पोहोचले आहे.