लोणार: विवराच्या पोटातली पायवाट

बुलढाणा जिल्ह्यात उल्कापाताने बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. तळाशी खारं, अल्कधर्मी सरोवर साचलं. २०२० पासून ते रामसर स्थळ आहे. गोमुखाच्या धारेजवळून उतरलं की झाडीतली पायवाट काठाकाठाने जाते. वाटेत पडझड झालेली जुनी देवळं लागतात. काहींचे नुसते खांब उरलेत, मोर मात्र भरपूर. कमळजा देवीच्या देवळात आजही पूजा होते. पाणी वाढलं की काठची वाट बुडते, म्हणून उतरण्याआधी चौकशी करावी. चालणं सपाटीचं; दम लागतो तो परतीच्या चढावर. कोरीव काम पाहायचं तर गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नये. खरं तर सुरुवात तिथूनच करावी.